वादळानंतरचं ऊन

पोफळीला ऊन सोसत नाही. श्रीवर्धनात ज्याच्या परसदारी वाडी आहे त्या घरातल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, दिसते उंच, सडपातळ, कुणाच्या आधाराला न जाणारी, पण वाढते ती दुसऱ्याच्या सावलीत. सगळ्यांत वर माड, त्याखाली पोफळी, पोफळींच्या अंगावर चढलेले मिरीचे वेल, मध्ये मध्ये जायफळ, वईच्या कडेने रातांबा, फणस, एखादा रायवळ आंबा, आणि सगळ्यांच्या पायाशी केळी, अळू, हळद. मे महिन्यात रस्त्यावर डांबर मऊ पडलेलं असताना वाडीत पाऊल टाकलं की घाम सुकतो. आमचा रोठा, म्हणजे इथली ती मोठी, गोल, आतून पांढरी सुपारी, तो या गारव्यावरच पोसला जातो.

३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा कौलं गेली, खांब गेले, झाडं गेली. त्यांची मोजदाद झाली, फोटो निघाले, पंचनामे झाले. सावली गेल्याची नोंद कुठेच झाली नाही. त्यानंतर आजवर आम्ही जे करतो आहोत ते सगळं सावली पुन्हा उभी करण्याचं काम आहे. पाहुण्यांना ते दिसत नाही. त्यांना घरावर नवे पत्रे दिसतात, समुद्रकिनारी पर्यटक दिसतात, आणि ते म्हणतात, ‘चला, सावरलात तुम्ही लवकर.’ त्यांच्या बोलण्यात आपुलकी असते, म्हणून वाद घालावासा वाटत नाही. पण सावरणं म्हणजे काय, हे एकदा नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

वादळाची सूचना वेळेवर मिळाली होती, हे आधी सांगायला हवं. दोनच आठवड्यांपूर्वी बंगालमध्ये अम्फानने केलेला विध्वंस आम्ही टीव्हीवर पाहिला होता. किनाऱ्यावरच्या वस्त्यांतून माणसांना शाळांत आणि पक्क्या घरांत हलवलं जात होतं. १ जूनपासून मासेमारी बंद असते, त्यामुळे कोळीवाड्यातल्या बऱ्याच होड्या किनाऱ्याला लागलेल्या होत्या आणि माणसं समुद्रात नव्हती, हे केवढं नशीब. त्यात टाळेबंदी. मुंबईहून गावी आलेले चाकरमानी विलगीकरणात, तोंडाला मास्क, एकमेकांकडे जाणं बंद, आणि अशात एका छपराखाली वीस-पंचवीस माणसांनी जमायची वेळ. घाबरायचं तरी कशाकशाला!

तरीसुद्धा वादळ म्हणजे काय ते आमच्यापैकी कुणालाच कळलेलं नव्हतं. नोव्हेंबर २००९मधलं फयान आठवत होतं, त्यात बागांचं थोडं नुकसान झालं होतं. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ येऊन धडकण्याची १८९१नंतरची ही पहिलीच वेळ, असं तेव्हा सांगत होते. म्हणजे जिवंत माणसांपैकी कुणाच्या आठवणीत असं काही असणं शक्यच नव्हतं. सासूबाईंनी ऐंशी पावसाळे पाहिलेले. त्या सकाळी म्हणाल्या, ‘वारा काय, दर आषाढात येतो.’ आणि देवघरात वाती वळत बसल्या.

सकाळपासून पाऊस होता. अकराच्या सुमाराला वाऱ्याचा आवाज बदलला. वारा एरवी येतो, जातो, दम घेतो. हा दम घेईना. एकसारखा, एका पट्टीत, वाढत जाणारा. आणि तो डोंगराकडून येत होता, समुद्राकडून नव्हे, त्यामुळे आम्ही सगळे चक्रावलो. चक्रीवादळ आपल्याकडे उजवीकडून डावीकडे, घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून केंद्र अजून समुद्रात असताना आमच्या अंगावर आधी जमिनीकडचा वारा आला, हे मागाहून समजलं. त्या वेळी इतकंच दिसत होतं की सगळ्या पोफळी समुद्राकडे वाकल्या आहेत.

माड वाकतो, पुन्हा उभा राहतो. पोफळ तशी नाही. तिचं खोड बारीक आणि ताठ. ती आधी हेलकावे खाते, मग एका क्षणी जमिनीपासून दीड-दोन पुरुष उंचीवर कडकन मोडते आणि वरचा शेंडा बाजूच्या झाडावर जाऊन आदळतो. एक मोडली की तिच्यामुळे दुसरी. आम्ही माजघरात होतो, कारण त्याच्या चारही भिंती चिऱ्याच्या आहेत. मागच्या दाराला आतून अडसर, त्याला टेकवलेलं धान्याचं पिंप, पिंपावर पाठ लावून हे आणि भाऊजी. पहिल्या काही मोडण्याच्या आवाजांना सासूबाई ओळखत होत्या. ‘ही विहिरीजवळची. ही रांजणाच्या पलीकडची.’ मग आवाज इतके जवळजवळ यायला लागले की त्या बोलायच्या थांबल्या.

ओटीवरची कौलं कडेकडून उचलली जाऊ लागली. एक कौल उचललं की त्या भोकातून वारा आत शिरतो आणि पुढचं सगळं पाखं आतून वर ढकलतो. कोने निघाले, रिपा निघाल्या, वासे तेवढे राहिले. कानात दडे बसत होते. दुपारी साधारण एकच्या पुढे वारा फिरला आणि समुद्राकडून आला. आता पाण्याबरोबर वाळूही येत होती. या दुसऱ्या वाऱ्याने फणस मुळासकट उपटला. त्याची मुळं आणि त्यांना धरून राहिलेली माती मिळून भिंतच्या भिंत जमिनीतून वर आली, आणि त्या वेळी आमच्या पायाखालची जमीन हलली. अतिशयोक्ती नाही ही. माजघरातल्या फरशीवर उभं राहून मला ती तळव्यांना जाणवली.

हवामान खात्याने नंतर वेग सांगितला, ताशी ११० ते १२० किलोमीटर. चारच्या सुमाराला दार उघडता आलं.

दारातून समुद्र दिसला. माझं लग्न होऊन या घरात आल्यापासून मागच्या दारातून समुद्र फक्त ऐकू यायचा. वाडी मध्ये होती. आता पार वाळूपर्यंत सगळं उघडं. पोफळी दोन थरांत पडल्या होत्या. खालच्या थरातल्यांचे शेंडे वायव्येला, वरच्या थरातल्यांचे ईशान्येला. कुठला वारा आधी आला आणि कुठला मागून, ते वाडीत लिहून ठेवल्यासारखं दिसत होतं. सासूबाई पायरीवर आल्या. त्या रडल्या नाहीत. डोळ्यांवर हात धरून वर आभाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘अगो, आता उन्हाचं बघा.’

मला त्या वेळी त्याचा अर्थ कळला नाही. अंगावर पाऊस पडत होता, घरावर छप्पर नव्हतं, आणि या उन्हाची काळजी करतायत.

पुढच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते बऱ्याच जणांनी लिहिलं आहे. वीज नाही, फोन नाही, म्हसळ्याकडे जाणारा रस्ता झाडांनी अडलेला. मुंबईतली माणसं आमच्या आवाजासाठी तडफडत होती आणि आम्हाला ते कळायलाही मार्ग नव्हता. रस्त्यावरची झाडं आमच्याच पाखाडीतल्या, म्हणजे आळीतल्या, पोरांनी कोयत्या-करवतींनी तोडायला सुरुवात केली, मागून आपत्ती निवारणाची पथकं आली. ताडपत्रीसाठी रांगा. कौलांचा आणि पत्र्यांचा भाव ज्याने त्याने मनाला येईल तसा सांगितला. आठवड्याभरात मोसमी पाऊस लागला आणि आम्ही माजघरात बादल्या मांडून झोपायला शिकलो. वीज आमच्या पाखाडीत यायला महिना उलटून गेला. पंपाची सवय झालेली, जुना रहाट कधीच मोडीत गेलेला, आणि विहिरीत पोफळीचे शेंडे पडून पाणी कुजकट झालेलं. ते उपसायला शेजारच्या मोहल्ल्यातले दोघं भाऊ आपणहून आले आणि संध्याकाळपर्यंत राबले. स्वतःच्या घराचं अर्धं छप्पर उडालेलं असताना आले. त्यांचं नाव इथे लिहिलं तर त्यांना आवडणार नाही, पण हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

५ जूनला वटपौर्णिमा होती. वड आडवा पडला होता. बायका आल्या, पडलेल्या खोडाभोवती जेवढं फिरता येईल तेवढं फिरल्या, फांद्यांना सूत गुंडाळलं. कुणी काही बोललं नाही, कुणाला ते विचित्रही वाटलं नाही.

मग पंचनामे. इथे जरा थांबून सांगते, कारण कोकणातली वाडी काय चीज आहे हे घाटावरच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. आमच्याकडे जमीन गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठे, पंधरा गुंठे, एखाद्याची एकरभर म्हणजे तो मोठा बागायतदार. त्या दहा गुंठ्यांत पाच-सहा जातींची झाडं एकावर एक, मजल्यांसारखी उभी असतात आणि त्यावर एक घर चालतं. मदत जाहीर झाली ती हेक्टरी. नेहमीच्या निकषापेक्षा ती वाढवून दिली होती, बागायतीला हेक्टरी ५०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. आकडा कानाला चांगला वाटतो. गुंठ्याला भागा, पाचशे रुपये येतात. एका गुंठ्यातली पडलेली झाडं नुसती तोडून बाहेर काढायला त्याहून कितीतरी जास्त मजुरी जात होती. लोकांनी गाऱ्हाणी मांडली, तेव्हा झाडागणिक मदत ठरली, माडाला २५० रुपये, पोफळीला ५०.

मदत देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. टाळेबंदीत तिजोरी आटलेली असताना जे देता आलं ते दिलं. पण हिशेबाची पट्टीच शेताची होती. भाताचं पीक गेलं तर एक हंगाम जातो, पुढच्या जूनमध्ये पुन्हा पेरता येतं. पोफळ लावल्यावर पहिलं फळ दिसायला पाच ते सात-आठ वर्षं लागतात, भरात यायला आणखी काही, आणि नंतर ती चाळीस-पन्नास वर्षं देत राहते. आमच्या वाडीतल्या मोडलेल्या पोफळी माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेल्या होत्या. झाडाची किंमत ठरवताना त्याचं मागचं आणि पुढचं वय धरायला हवं, ही मागणी अवाजवी नाही. शिवाय सातबारा. वाडी कसणारा एक, सातबाऱ्यावर नावं अठरा, त्यातली निम्मी मुंबईत, दोन परदेशात, तीन कैलासवासी. संमतीपत्रं गोळा करता करता कित्येकांची मदत लांबली. ही गुंतागुंत वादळाने आणलेली नाही, पण वादळाने ती उघडी पाडली.

सासूबाईंचं उन्हाबद्दलचं बोलणं कळलं ते ऑक्टोबरात.

वाडीत शंभरातल्या वीस-पंचवीस पोफळी वाचल्या होत्या. पावसाळाभर आम्ही त्यांच्याकडे बघून धीर धरला. खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याने पानं करपून तपकिरी झाली होती, ती झडून नवी हिरवी आली, तेव्हा तर वाटलं की आता भीती नाही. पाऊस गेला आणि ऑक्टोबरचं ऊन थेट खोडांवर पडायला लागलं. दुपारनंतरचं, पश्चिमेकडून तिरपं येणारं. आयुष्यात कधी अंगावर न घेतलेलं ऊन. खोडाच्या त्या अंगाला आधी पिवळसर डाग पडले, मग ते तपकिरी झाले, मग तिथे सालीला उभ्या चिरा गेल्या. चिरांतून पाणी, बुरशी, किडे. होळीपर्यंत वाचलेल्यांपैकी निम्म्या झाडांना धक्का लावला तर ती तिथूनच मोडतील अशी अवस्था झाली. मिरीचे वेल आधीच वाळले होते. उरलेली दोन जायफळं पान न् पान गाळून उभी होती. वादळ तीन-चार तासांचं होतं, पण वाडीत झाडं मरत राहिली ती पुढे जवळपास वर्षभर.

मग आम्ही खोडांना झावळ्या बांधल्या. माडाच्या वाळक्या झावळ्या आणि पोफळीच्याच गळून पडलेल्या विऱ्या घेऊन, पश्चिमेकडच्या अंगाला, काथ्याने गुंडाळून. जिथे हात पोचत नव्हता तिथे चुना. सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या आणि सांगायच्या, अमुक झाडाचा अमुक भाग उघडा राहिलाय. आम्ही बांधत असताना रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. पुढच्या आठवड्यात त्यातल्या दोघांच्या वाड्यांत तेच चाललेलं दिसलं.

नवी लागवड करायची तर पोफळ आधी लावता येत नाही, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे ठाऊक होतं, पण करून पाहायची वेळ माझ्या पिढीवर आली नव्हती. रोपाला सावली हवी, सावली देणारं काही उरलेलं नाही. म्हणून पहिल्यांदा केळी. केळ वर्षभरात डोक्यावर जाते आणि तिच्या पानांखाली पोफळीचं रोप तग धरतं. बी मात्र आमच्याच वाडीतलं घेतलं. वादळात टिकलेल्या झाडांपैकी जे भरपूर आणि सारखं फळत होतं, त्याची पूर्ण पिकलेली, नारिंगी झालेली असोली सुपारी निवडली, वाळूच्या वाफ्यात देठाकडची बाजू वर करून लावली. दीड-दोन महिन्यांनी कोंब आले. वर्ष-दीड वर्ष रोपं वाफ्यात वाढवून मग केळींच्या ओळींत नेऊन लावायची. कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र इथे श्रीवर्धनातच आहे, तिथली रोपंही लोकांनी नेली. पण एवढ्या सगळ्या वाड्यांना एकदम पुरतील इतकी रोपं कुठलं केंद्र तयार ठेवणार?

आमची रोपं वाफ्यातच होती आणि मे २०२१मध्ये तौक्ते आलं. ते जमिनीवर न चढता किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं, पण जाता जाता केळी झोपवून गेलं. त्या रात्री ह्यांनी पहिल्यांदा वाडी विकण्याचा विषय काढला. रिसॉर्टवाल्यांची विचारणा होतीच. वाळूपर्यंत मोकळी जागा, दारातून समुद्र दिसतो, त्यांना आणखी काय हवं? मी त्या विचाराला नावं ठेवणार नाही. आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरांनी जमिनी दिल्या आणि त्यांना मुलांची शिक्षणं, दवाखाने, छपराची कर्जं यांतून सुटायला दुसरा रस्ता नव्हता. आम्ही विकली नाही, कारण भाऊजींची नोकरी शाबूत होती. बाकी काही नाही. चिकाटी वगैरे शब्द लोक वापरतात तेव्हा मला त्या नोकरीची आठवण होते. ज्याच्याकडे दुसरं उत्पन्न आहे त्यालाच झाडाची वाट पाहणं परवडतं. वादळानंतर कोकण आपल्या हिमतीवर उभं राहिलं असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती सुपारी उतरवणाऱ्या दादांची. ते आमच्याकडे त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून येतात. पूर्वी त्यांना वाडीत काम करताना बघणं म्हणजे सोहळाच असायचा. एका पोफळीवर चढायचं, घड तोडून दोरीने खाली सोडायचा, मग शेंड्यावर बसून झाडाला झोका द्यायचा आणि झोका पुरेसा झाला की हात लांबवून पुढच्या पोफळीचा शेंडा पकडून तिकडे जायचं. अशी एकामागून एक दहा-बारा झाडं, जमिनीला पाय न लावता. वादळानंतर उरलेली झाडं इतकी विरळ की हात पोचेना. प्रत्येक झाडावर वेगळं चढायचं, वेगळं उतरायचं. दिवसाला होणारं काम निम्म्याहून खाली आलं, गुडघे दुखायला लागले, आणि झाडंच कमी म्हणून बोलावणीही कमी. त्यांचा मुलगा पनवेलला कामाला गेला. पंचनाम्यात झाडाच्या मालकाचं नाव असतं, झाडावर चढणाऱ्याचं नसतं. नवी झाडं चढण्याजोगी होतील तेव्हा झोका देऊन पलीकडे जाणारा माणूस श्रीवर्धनात कुणी असेल का, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. दादांना विचारलं तर ते म्हणतात, ‘वहिनी, शिकवायचं तर झाडं जवळजवळ हवीत.’

अरबी समुद्र पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०१९ या एका वर्षात त्यात पाच चक्रीवादळं झाली, वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन. पाणी तापतं आहे आणि तापलेल्या पाण्यावर वादळं पोसली जातात. तेव्हा पुन्हा लावायचं तर जुन्याच पद्धतीने का लावायचं, असं आमचा मुलगा विचारतो, आणि त्याचं चुकत नाही. म्हणून समुद्राकडच्या बाजूला आता आम्ही सुरू आणि उंडी या झाडांची दाट रांग लावली आहे. पोफळी पूर्वी वाळूच्या कडेपर्यंत होत्या, त्या आत घेतल्या. घराला लागून मोठं झाड ठेवलं नाही. सासूबाईंना हे सगळं पटलं असं नाही, पण उंडीच्या रोपांना पाणी त्याच सांगून घालून घेतात.

आता पोफळी माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर गेल्या आहेत. काहींना यंदा पहिली पोय, म्हणजे फुलोरा, फुटली. पहिल्या फळात राम नसतो, ते गळतं, हेही ठाऊक आहे. तरी भाऊजी रोज सकाळी जाऊन मोजून येतात.

राहिलं जायफळ. वाडीत दर दहा मादी झाडांमागे एक तरी नर लागतो, नाहीतर फळधारणा होत नाही. आमचा एकुलता नर वादळात गेला होता, आणि उन्हातून कशीबशी वाचलेली मादी फुलते पण फळत नाही. बियांपासून झाड लावलं तर नर की मादी ते पहिलं फूल येईपर्यंत सहा-सात वर्षं कळत नाही, म्हणून कलमंच लावायची असं ठरलं. कधी, यावर मात्र घरात दोन तट आहेत. हे म्हणतात, अजून दोन उन्हाळे थांबू, पोफळींची सावली दाट होऊ दे. सासूबाई म्हणतात, केळींची आहे तेवढी पुरे, मला फळ बघायचंय. शेवटी गेल्या आठवड्यात रोपवाटिकेत जाऊन मी कलमं सांगून आले, चार मादी आणि एक नर. खड्डे विहिरीच्या पूर्वेला घ्यायचे, तिथे दुपारनंतरचं ऊन पोचत नाही.